गुरुजींनी शिकायचं कधी?

जमिनीत एका ओळीत चार लोखंडी सळया ठोकायच्या, सगळ्यांमधलं अंतर सारखं. बाहेरच्या दोन सळयांना बॅटरी जोडून जमिनीतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमध्ये किती व्होल्टचा फरक पडतो ते मीटरवर वाचायचं. व्होल्टला अँपिअरने भागायचं. आलेल्या आकड्याला सळयांमधल्या अंतराने आणि पायच्या (π) दुपटीने गुणायचं. अंतर १० मीटर, विजेचा दाब अर्धा व्होल्ट आणि प्रवाह एक दशांश अँपिअर असेल, तर उत्तर येतं साधारण ३१४ ओहम-मीटर. सळया लांब लांब नेत गेलं की वीज अधिक खोल उतरते आणि तिथल्या दगडाचा अंदाज येऊ लागतो. अखंड, कोरडा काळा पाषाण विजेला अडवतो. भेगा पडलेला, पाणी मुरलेला खडक तिला वाट देतो. विहीर कुठे खणावी हे ठरवायला हाताशी एवढी माहिती असली तरी पुष्कळ झालं.

यात ओहमचा नियम आहे, भूमिती आहे, दख्खनच्या कातळाचा अभ्यास आहे. मीटर स्वतः बनवायचा तर इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि शेतकऱ्याशी मजुरीचं बोलायचं तर व्यवहारही आहे. पर्जन्यछायेतल्या शिरूर तालुक्यात पाण्याचा प्रश्न कोणाला समजावून सांगावा लागत नाही. इथल्या पाबळ गावच्या विज्ञान आश्रमात शाळा सुटलेली, नापासाचा शिक्का बसलेली मुलं हे तंत्र शिकली आणि विहिरींच्या जागा शोधायला त्यांनी ते वापरलं. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित हे विषय एकमेकांत गुंफून शिकवण्याला आज जगभर ‘स्टेम’ शिक्षण म्हणतात. पाबळच्या माळावर ते या नावाचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

आश्रमाचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी., पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठी जबाबदारी. ते सगळं सोडून १९८३ साली ते पत्नी मीराताईंसह पाबळला आले. पाऊस बेभरवशाचा, सिंचनाची सोय नाही, असं गाव त्यांनी मुद्दाम निवडलं; इथे जे जमेल ते देशातल्या बहुतेक खेड्यांत जमेल, असा हिशेब. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या पुण्यातल्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून आश्रम उभा राहिला. मूल शिकत नसेल तर खोट मुलाच्या डोक्यात नाही, त्याला हात बांधून बसवण्यात आहे, हे कलबागांच्या साऱ्या कामाचं सूत्र होतं. ऐकायला सोपं, पण शाळेच्या वेळापत्रकाला पचायला जड.

त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार झाला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक दिवस, म्हणजे शाळेच्या वेळेचा जवळपास पाचवा हिस्सा, हातांनी काम करायचं. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वर्गाचे गट पडतात आणि प्रत्येक गट चारही विभागांतून फिरतो. मुलगी वेल्डिंगचा होल्डर धरते, मुलगा चिक्की बनवतो, रक्तगट कसा ओळखतात ते बघतो, माती तपासतो. केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे, ही अट. शाळेचे मोडके बाक, एखाद्या घरातलं वायरिंग, शोषखड्डा, अशी खरी कामं. एसएससी बोर्डाने हा विषय ऐंशीच्या दशकातच मान्य केला. पुढे सुनंदा माने आणि राज गिल्डा यांच्या लेंड-अ-हँड-इंडिया या पुण्यातल्या संस्थेने तो राज्यातल्या इतर शाळांत नेला आणि आता राष्ट्रीय कौशल्य चौकटीतला ‘मल्टी स्किल फाउंडेशन कोर्स’ म्हणून तो नववी-दहावीत शिकवला जातो.

हे सगळं अनेकांनी अनेकदा लिहिलेलं आहे. कमी लिहिलं गेलं ते शिकवणाऱ्या माणसाबद्दल.

आश्रमाच्या पद्धतीत शिकवायला येतो तो बहुधा गावातलाच कारागीर: वेल्डर, वायरमन, शेतीत मुरलेला तरुण. त्याला निदेशक म्हणतात. निदेशकाला काम येतं, पण त्यामागचं विज्ञान मांडता येतंच असं नाही. विज्ञानाच्या बाईंना सूत्र येतं, पण त्यांनी होल्डर हातात धरलेला नसतो; बी.एड.च्या वर्षांत कोणी धरायला दिलेलाही नसतो. ही दोन माणसं एका टेबलाशी बसली तर विषय उभा राहतो. बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात नेमकी या बैठकीलाच जागा नसते.

घुमटाचं उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर विज्ञान आश्रमाने त्रिकोणांच्या जाळीपासून बनणारं घुमटाकार घर विकसित केलं. ‘पाबळ डोम’ या नावाने ते ओळखलं जातं. चौकोनी चौकट कोपऱ्यातून ढकलली की तिरकी होते, त्रिकोण होत नाही. घुमटाच्या बळाचं मूळ या एवढ्याशा गोष्टीत आहे. अशा घुमटाच्या एका सोप्या प्रकारात दोनच लांबीच्या पट्ट्या लागतात. घुमटाची त्रिज्या ३ मीटर असेल तर एक पट्टी सुमारे १.८५ मीटर, दुसरी सुमारे १.६४ मीटर. अर्धगोलाला पट्ट्या ६५, सांधे २६ आणि त्रिकोण ४०. आता सांध्यांतून पट्ट्या वजा करा, त्यात पृष्ठं मिळवा. तळाचं एक पृष्ठ धरून ती ४१ होतात. उत्तर २. हेच ऑयलरचं सूत्र. चौकोनी खोक्याला लावून बघा, तिथेही २ च येतात. एवढा सुंदर गणिताचा तास लोखंडी पट्ट्या कापता कापता मिळतो. पण कापणाऱ्याला ऑयलर माहीत नाही आणि ऑयलर शिकवणाऱ्याने पट्टी कापलेली नाही, अशी स्थिती असेल तर मुलांच्या वाट्याला एक तर नुसती मजुरी येते, नाहीतर नुसतं पाठांतर.

गेल्या दोन दशकांत स्टेम शिक्षणावरच्या संशोधनाचा पूर आला आहे. २००० ते २०१८ या काळातल्या ३६ नियतकालिकांमधल्या ७९८ लेखांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यातही दिसतं की २०१० नंतर लेखांची संख्या झपाट्याने चढत गेली. सुरुवातीला भर होता मुलांवर: त्यांना काय येतं, काय येत नाही, मुली विज्ञानापासून का दुरावतात. उत्तरं हळूहळू स्पष्ट झाली. २०१४ साली स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विज्ञान-गणिताच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसतं व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के निघालं आणि स्वतः काही करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. करून शिकलेलं टिकतं, हे आता मत राहिलेलं नाही.

मग अडतं कुठे? इथून संशोधनाचा काटा शिक्षकाकडे वळला. त्याचा पाया ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने १९८६ सालीच घातला होता. विषय येणं आणि शिकवता येणं यांच्यामध्ये तिसरं एक ज्ञान असतं, असं त्यांनी मांडलं. अपूर्णांकांच्या बेरजेत मुलं छेदांची बेरीज का करतात, कोणतं उदाहरण दिलं की ती चूक त्यांची त्यांनाच दिसते, हे ज्ञान गणिताच्या प्राध्यापकाकडे असेलच असं नाही. ते वर्गात, चुका बघत बघत आणि दुसऱ्या शिक्षकाशी बोलत बोलतच तयार होतं.

तिथपर्यंत सगळ्यांचं एकमत. शिक्षकाला ते ज्ञान मिळवून द्यायचं कसं, या प्रश्नावर मात्र सरकारी यंत्रणांचा आणि संशोधनाचा काडीमोड झालेला दिसतो. यंत्रणांना शिबिर आवडतं: दोन-चार दिवस, सभागृह, पडद्यावरच्या स्लाइड्स, चहा, प्रमाणपत्र. २००७ साली क्वांग सुक यून आणि सहकाऱ्यांनी शिक्षक-प्रशिक्षणावरचे १,३०० हून अधिक अभ्यास चाळले. त्यांतले फक्त ९ पुरावा म्हणून धरण्याजोगे निघाले. १४ तास किंवा त्याहून कमी प्रशिक्षणाचा मुलांच्या गुणांवर लक्षात येण्याजोगा परिणाम नव्हता; जिथे सरासरी ४९ तास मिळाले, तिथे तो ठळक होता. लॉरा डेसिमोन या अभ्यासिकेने २००९ साली परिणामकारक प्रशिक्षणाच्या खुणा सांगितल्या: ते विषयाला धरून असावं, शिक्षकाने त्यात स्वतः काही करावं, रोजच्या कामाशी त्याचा मेळ असावा, ते लांब काळ चालावं आणि एकाच शाळेतल्या शिक्षकांनी मिळून घ्यावं.

चीनमधला अनुभव तर आपल्यासाठी आरसाच आहे. तिथल्या राष्ट्रीय शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाची एका प्रांतातल्या गणिताच्या शिक्षकांवर शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि निष्कर्ष २०१९ साली छापून आले. वर्षानंतर मुलांच्या गुणांत फरक नाही, शिक्षकांच्या ज्ञानातही नाही. प्रशिक्षण पुस्तकी होतं, ऐकून घेण्यापुरतं होतं. याउलट अनुभवी मार्गदर्शक वर्गात येऊन बसतो, तास बघतो आणि नंतर त्या एका तासाबद्दल बोलतो, या पद्धतीचा फायदा ६० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसला. मॅथ्यू क्राफ्ट आणि सहकाऱ्यांच्या या २०१८ सालच्या कामात एक कडू गोळीही आहे. शंभराहून कमी शिक्षकांच्या छोट्या कार्यक्रमांत वर्गातलं शिकवणं जेवढं सुधारतं, त्याच्या जवळपास निम्माच परिणाम मोठ्या कार्यक्रमांत उरतो.

आपल्याकडे कार्यक्रम मोठेच असतात. २०१९ साली सुरू झालेल्या ‘निष्ठा’ या केंद्रीय योजनेचं उद्दिष्ट होतं ४२ लाख शिक्षकांचं. कोविडच्या काळात ती ‘दीक्षा’ पोर्टलवर गेली. तिच्यातला मजकूर वाईट नाही. काही घटक तर मन लावून केलेले आहेत. पण राज्याने जिल्ह्याला, जिल्ह्याने तालुक्याला आणि तालुक्याने शाळांच्या केंद्राला शिकवायचं या उतरंडीत प्रत्येक पायरीवर थोडं सांडतंच. वरच्या पायरीवर तज्ज्ञाने हातात घेऊन दाखवलेला प्रयोग खालच्या पायरीवर स्लाइडवरचं चित्र होतो आणि शेवटी व्हॉट्सअॅप गटावर एक लिंक उरते. त्याच गटावर यूडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदींची, माहिती आजच भरायची सूचना असते आणि बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाचा निरोपही. गुरुजी लिंक उघडून ठेवतात, व्हिडिओ चालू राहतो, प्रमाणपत्र उतरतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

नव्या शिक्षण धोरणाने, म्हणजे २०२० च्या, प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक शिक्षण सुचवलं आहे. हा आकडा यून यांच्या ४९ तासांच्या किती जवळ! फक्त त्या ४९ तासांत काय होतं आणि या ५० तासांत काय होणार, हा प्रश्न तासांच्या मोजणीत बुडून जाऊ नये.

तोडगा परदेशातून आणायची गरज नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती यांनी तो उभारला, पुढे एकलव्य संस्थेने चालवला. उन्हाळ्यात शिक्षक काही आठवडे एकत्र राहून पुस्तकातला प्रत्येक प्रयोग स्वतः करायचे आणि वर्षभर दर महिन्याला जमून काय फसलं ते सांगायचे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक आणि टीआयएफआरचे शास्त्रज्ञ त्यांच्या शेजारी मांडी घालून बसायचे. तीस वर्षं चाललेला आणि हजारभर शाळांत पोचलेला हा कार्यक्रम २००२ साली तिथल्या सरकारने बंद केला. देशातल्या विज्ञान शिक्षणाच्या इतिहासातली ती एक मोठी चूक होती.

महाराष्ट्रात महिन्याच्या भेटीची चौकट आजही तयार आहे. केंद्रप्रमुखांच्या देखरेखीखाली दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरते, दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी येतात. जपानमध्ये शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो वर्गात घेतो, बाकीचे मुलांकडे बघत टिपणं काढतात आणि मग पाठ पुन्हा सुधारला जातो. गेल्या शतकभराहून जास्त काळ ही पद्धत तिथे रुजली आहे. आपल्या शिक्षण परिषदेतही नमुना पाठ होतात. पण बऱ्याचदा त्यांच्या आधी परिपत्रकांचं वाचन होतं, नंतर माहितीची देवाणघेवाण आणि मध्ये उरलेल्या वेळात पाठ. एका परिषदेची परिपत्रकं कागदावर वाटून टाकली आणि सगळा वेळ एका प्रयोगाला दिला, तर सरकारला एक रुपयाही जास्त लागत नाही.

कोणता प्रयोग? शेजारच्या दौंड तालुक्यात तो शोधायला लांब जावं लागणार नाही. केडगाव-चौफुला पट्ट्यात गुऱ्हाळं आहेत. उसाचा ताजा रस किंचित आम्ल असतो. गुळव्या त्यात चुन्याची निवळी घालतो, भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणतो आणि काढून टाकतो. मग काहिलीतला रस आटत जातो. साखरेचं प्रमाण वाढेल तसा त्याचा उत्कलनबिंदू शंभराच्या वर चढत जातो आणि ११८ अंशांच्या आसपास काहील उतरवायची वेळ होते. गुळव्या थर्मामीटर बघत नाही. पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का ते बघतो. आम्ल-अल्कली, निवळण, उत्कलनबिंदू, संपृक्त द्रावण: रसायनशास्त्राची दोन-तीन प्रकरणं त्या चुलवाणासमोर उभं राहून शिकता येतात. शाळेच्या पुस्तकात लिटमस निळा होतो की लाल, हे पाठ करणारा मुलगा कदाचित त्याच गुळव्याचा नातू असतो.

घरच्या ज्ञानाचा आणि शाळेच्या ज्ञानाचा असा तुटलेला सांधा हा सध्याच्या संशोधनातला एक कळीचा विषय आहे. २०२५ साली ‘नेचर’मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी बिनचूक करतात. तीच मुलं कागदावरच्या साध्या उदाहरणांत अडखळतात. आणि नुसत्या शाळेत जाणाऱ्या मुलांचं बरोबर उलट. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या संशोधकांनी धारावीतल्या मुलांच्या कामातून आलेल्या गणिताचा अभ्यास त्याच्या कितीतरी आधी केला होता. ही दोन ज्ञानं आपोआप जोडली जात नाहीत. जोडणारं कोणीतरी लागतं, आणि तो शिक्षकच.

होमी भाभा केंद्राचाच आणखी एक जुना धडा इथे आठवायला हवा. १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राचे पहिले संचालक वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या वंचित समाजातल्या मुलांसोबत काम करताना दाखवून दिलं की विज्ञान अवघड जाण्याचं एक मोठं कारण पुस्तकाची भाषा आहे. भाषा सोपी केली, शिकवणं संवादाचं केलं, की मुलं झपाट्याने पुढे येतात. आज तालुक्या-तालुक्यांतल्या शाळा सेमी-इंग्रजीच्या मागे आहेत. पालकांचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं ठरवलं तेव्हा त्यासाठी शिक्षकाच्या हाती काय दिलं, याचं उत्तर फारसं कोणाकडे नाही.

गुऱ्हाळांच्या त्या केडगावच्या नावासरशी एक मोठ्या बाई आठवतात. पंडिता रमाबाई १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे त्यांना फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीची ओळख झाली. खेळ, आकार, वस्तू हाताळणं यांतून मुलांना शिकवायची ती रीत त्यांनी रीतसर शिकून घेतली आणि तिच्या आधाराने मराठीत पाठ्यपुस्तकं करायला घेतली. १८८९ मध्ये परत येऊन त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं. पुढे दुष्काळातल्या निराधार मुलींना घेऊन केडगावला मुक्ती सदन वसवलं. तिथे मुली विणायला शिकल्या, शेती आणि तेलाच्या घाण्याचं काम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलची छपाई याच बायकांनी केली. त्यांच्या कामाच्या धार्मिक बाजूवर वाद झाले आणि होतील. शिक्षणाच्या बाजूने पाहिलं तर लक्षात राहतं ते हे, की नाव झालेली ही विदुषी शाळा काढण्याआधी स्वतः विद्यार्थिनी होऊन बसली होती.

सध्या पैशांचा ओघ मात्र शिक्षकाच्या शिकण्याकडे नाही, वस्तूंकडे आहे. २००२ साली एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी पाबळच्या आश्रमात फॅब लॅब सुरू केली, एमआयटीबाहेरची जगातली पहिली. संगणकाच्या आज्ञेने कापणारी, कोरणारी यंत्रं आणि त्यांतून गावाच्या गरजेची उपकरणं. दुधाची प्रत तपासण्याचं साधन हे त्यांतलं एक काम. पुढे फॅब लॅबचं जाळं जगभर पसरलं. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब आल्या, प्रत्येक शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान; देशात अशा सुमारे १० हजार लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे संच. पाबळमध्ये यंत्रं आली तेव्हा ती वापरणारे हात वीस वर्षं तयार होत होते. शाळेत मात्र यंत्र आधी येतं, शिक्षक नंतर शोधला जातो, आणि तुटलं तर भरपाई कोणी करायची या धास्तीने खोलीला कुलूप लागतं. साहित्य मोडलं तर चालेल, असं लेखी देणारा मुख्याध्यापक भेटला तर त्याचा सत्कार करावा.

शिरूर तालुक्यातच वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. दत्तात्रय वारे गुरुजींच्या काळात गावकऱ्यांच्या सहभागातून ती नावारूपाला आली आणि सरकारी शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात, हे दृश्य पुणे जिल्ह्याने पाहिलं. पुढे वारे गुरुजी खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या शाळेत गेले. त्या शाळेला २०२५ मध्ये टी-फोर एज्युकेशनच्या जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. तिथल्या ‘विषयमित्र’ पद्धतीत मोठी मुलं लहानांना शिकवतात. कौतुक झालंच पाहिजे. मात्र एका गुरुजींच्या बदलीबरोबर शाळेची कीर्तीही गाव बदलत असेल, तर शिक्षकांना घडवणारी यंत्रणा त्या कीर्तीमागे नव्हती, हेही मान्य करावं लागतं. असामान्य माणसं सगळ्या केंद्रांना पुरणार नाहीत. सामान्य शिक्षकाला दर महिन्याला थोडं बरं करणारी व्यवस्था लागते.

ती उभारायला लागणारं सगळं सामान शिरूर-दौंडच्या परिसरात आहे. पाबळला कार्यशाळा आहे, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत अभियंते आहेत, कुरकुंभला रसायनांचे कारखाने, पाटसला साखर कारखाना, केडगावला गुऱ्हाळ. नाही ती वेळ.

तेव्हा पालकांनी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी एक करावं. पुढच्या सभेत डिजिटल फळ्याच्या आधी हा विषय घ्यावा: विज्ञानाच्या आणि गणिताच्या शिक्षकांना महिन्यातली एक दुपार, वर्ग न घेता, प्रयोग करून बघायला मोकळी मिळते का, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते, आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत गेल्या वेळी कोणता प्रयोग झाला. मिळत नसेल तर ती दुपार मिळावी असा ठराव करून मुख्याध्यापकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. वर्षाला ५० तासांची शिफारस धोरणात छापलेलीच आहे.